आबांची कॅसेट आणि शिवांजलीचं भाषण

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो. कॅसेट घातली की वाजतो, आणि दोन बटणं एकदम दाबली की समोरच्याचं बोलणं टिपून घेतो. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये हे सगळं मावतं, म्हणून तुम्हाला माझं फारसं नवल वाटणार नाही. माझं एक बटण पूर्वी लालभडक होतं, आता त्याचा रंग विटेसारखा झाला आहे. उचलायची मूठ एका बाजूने तुटली आहे आणि तिथे तांब्याची तार गुंडाळलेली आहे. पण आज मी माझ्याबद्दल थोडंच सांगणार आहे. ज्यांनी मला घरी आणलं, त्या कुंडलच्या सुभेदार गुंडा ज्योतिबा पुदाले यांच्याबद्दल मला सांगायचं आहे. घरात त्यांना बापू म्हणतात. मीही बापूच म्हणतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट आठवत नाही. लांबलचक टेबल, स्क्रू पिळणारे बायकांचे हात आणि मग खोक्यातला अंधार, एवढंच ध्यानात आहे. खोकं उघडलं ते थेट उत्तरेकडच्या एका छावणीतल्या कँटीनमध्ये. ते साल एकोणीसशे नव्वद होतं. समोर पंचवीस वर्षांचा, काटक, मोठ्या मिशांचा जवान उभा होता. काउंटरवरच्या माणसाने कार्डावरचं नाव वाचलं आणि तो हसायला लागला. हिंदीत गुंडा म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊकच आहे. बापूंना या हसण्याची सवय झाली होती. त्यांनी शांतपणे सांगितलं की आमच्याकडे गुंडा म्हणजे गोल धोंडा. त्यांच्याआधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून आईने त्यांचं नाव धोंड्याचं ठेवलं. धोंड्याला कोण नेणार? त्या माणसाचं हसू मावळलं. त्याने खोक्यात दोन कोऱ्या कॅसेट जास्तीच्या टाकल्या.

बापू इंजिनियर पलटणीत होते. साताऱ्याच्या भरतीत अनवाणी पळून ते फौजेत गेले होते, आणि पूल बांधणं हे त्यांचं काम होतं. रजेला येताना त्यांनी मला दोन दिवस आणि दोन रात्री मांडीवर धरून आणलं. घरी त्यांचे वडील ज्योतिबा, म्हणजे आबा, आणि दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेल्या बनुबाई होत्या. बनुबाई दुसरीपर्यंत शाळेत गेल्या होत्या. त्यांची पत्रं शाळेतले मास्तर लिहून द्यायचे. परक्या माणसासमोर बायको नवऱ्याला काय सांगणार? तब्येत बरी आहे, म्हैस आटली आहे, पाऊस बरा आहे. सगळी पत्रं सारखीच.

बापूंनी मला चुलीजवळच्या फळीवर ठेवलं, बटणं दाखवली आणि म्हणाले, “पत्रात तुझं बोलनं मास्तरांच्या तोंडानं येतंय. मला तुझ्या तोंडचं ऐकायचं हाय.”

बनुबाई लाजून घराबाहेरच गेल्या.

रजा संपली. बापू गेले, मी राहिलो. कवठे महांकाळचे सिकंदर मुलाणी त्यांच्याच पलटणीत होते. ते रजेवरून परत निघाले की कुंडलला येऊन कॅसेट घेऊन जात, आणि तिकडून येताना बापूंची आणून देत. पलटणीत एकाकडे माझ्यासारखंच यंत्र होतं, त्यावर बापू ऐकत आणि बोलत.

पहिली कॅसेट करायला बनुबाई बसल्या तो दिवस मला लख्ख आठवतो. दोन्ही बटणं दाबली आणि त्या गप्प झाल्या. फीत फिरत राहिली. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “ऐकताय न्हवं? हितं समदं बरं हाय.” एवढं बोलून त्या उठल्या आणि मला बंद करायचं विसरून धार काढायला बसल्या. मग चरवीत पडणारी धार, कोंबडीला हाकलणं, आबांचा खोकला, भाकरी थापल्याचा आवाज, सगळं माझ्यात भरलं गेलं. त्यांना वाटलं कॅसेट वाया गेली. पण नवी कोरी नव्हती, म्हणून तीच सिकंदरभाईंच्या हाती दिली.

बापूंचं उत्तर सिकंदरभाईंच्या पुढच्या रजेला आलं. भाकरीचा आवाज लागला तेव्हा तंबूतली सगळी पोरं गप्प बसली होती, असं त्यांनी सांगितलं होतं. पुढच्या खेपेलाही असंच कर, म्हणाले.

त्यानंतर बनुबाईंची भीड चेपली. त्या माझ्यासमोर भाजी निवडत बसायच्या आणि बोलत राहायच्या. भांडायच्यासुद्धा. बापू कुठे आहेत ते त्यांना सांगायची मुभा नव्हती, “आमी हाय तिथं” एवढंच म्हणायचे. पण त्यांच्या बोलण्यामागे कधी वाळूचा सोसाटा असायचा, कधी नदीचा घोंगावणारा आवाज, कधी दिवसरात्र चालणारं जनरेटर. मी फळीवरून कधी हललो नाही, तरी बापूंची अर्धीअधिक नोकरी मी अशी ऐकली आहे. लान्स नाईकचे ते नाईक झाले, मग हवालदार झाले. बढतीची बातमी ते कॅसेटच्या अगदी शेवटी, जाता जाता सांगितल्यासारखी सांगत.

एकदा मात्र त्यांची चोरी पकडली गेली. कॅसेटमध्ये नेहमीसारखी खुशाली होती. बनुबाईंनी ती ऐकली, पुन्हा मागे घेऊन ऐकली आणि आबांना म्हणाल्या, “मामंजी, ह्ये झोपून बोलल्यागत वाटतंय.” आबांनी कान लावला, त्यांना काही उमगलं नाही. पण बनुबाईंनी गावातल्या फोनवरून पलटणीत निरोप धाडला, तेव्हा खरं कळलं. पुलाचा सांगाडा घसरून बापूंचा पाय मोडला होता आणि ते सहा आठवडे पलंगावर होते. नवऱ्याच्या आवाजावरून तो बसला आहे की झोपला आहे हे ओळखणारी बाई मी तेव्हापासून दुसरी पाहिली नाही.

शिवांजली जन्मली तेव्हा बापू लांब होते. मुलीचं रडणं त्यांनी आधी ऐकलं, तोंड सात महिन्यांनी पाहिलं. मग ते गेले ते दीड वर्षाने आले. त्या दीड वर्षात शिवांजलीची एक समजूत झाली होती की बापू माझ्या आत राहतात. ती जेवताना माझ्या जाळीपुढे घास धरायची. बापू दारात आले, तेव्हा तो मिशीवाला माणूस बघून ती आईच्या मागे लपली.

“ह्येच तुझं बापू,” बनुबाई म्हणाल्या.

“न्हाई. बापू ह्यात हाईत.” तिने माझ्याकडे बोट केलं.

 दुसऱ्या दिवशी बापूंनी मला खाली ओसरीवर ठेवलं, शेजारी स्वतः बसले आणि तिला कॅसेटमध्ये सांगायचे तीच कोल्ह्याची गोष्ट सांगायला लागले. ती लांबून आली. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे. मग दोन्ही हातांनी मला ओढत त्यांच्यापुढे आणलं आणि म्हणाली, “आत जा.” बापू मोठ्याने हसले. हसता हसता त्यांनी तोंड फिरवलं आणि गळ्यातल्या टॉवेलने डोळे पुसले. रजा संपायच्या आत ती त्यांच्या खांद्यावर बसून उसाच्या फडात जायला लागली होती.

आता आबांबद्दल सांगतो. आबा माझ्यासमोर कधी बोलले नव्हते. डबड्यापुढे काय बोलायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. एका हिवाळ्यात ते फार आजारी पडले. छातीत कफ भरायचा, रात्र बसून जायची. बापू तेव्हा बर्फाच्या मुलखात होते. बनुबाई म्हणाल्या, त्यांना कळवते. आबांनी मनाई केली. पूल अर्धा टाकून येईल, म्हणाले. एका दुपारी त्यांनीच मला खाटेजवळ आणायला सांगितलं. बनुबाईंनी बटणं दाबली. आबा उशीला टेकून ताठ बसले आणि त्यांनी खोकला आवरून धरला.

“गुंडा, मी तुजा बा बोलतोय. मी बरा हाय. खोकला हाय, पर त्यो म्हाताऱ्याचा नेमच हाय. ऊस दांडगा आलाय. तुजी पोर माजी काठी पळवती. सिकंदर सांगत हुता, तू तिथं पूल बांधतुयास. मी कवा तुजं काम बघितलं न्हाई. कायतरी चांगलंच करत असशील. घाई करू नगंस. लोकं बायकापोरं घिऊन त्यावरनं जात्यात. जपून बांध.”

एवढं बोलायला त्यांना पाव तास लागला. मध्ये मध्ये ते थांबायचे, श्वास घ्यायचे, मग पुन्हा सुरुवात. आठव्या दिवशी आबा गेले.

तार बापूंपर्यंत पोहोचली, पण रस्ता बर्फाने बंद झाला होता. ते घरी आले तेव्हा तेरावा होऊन गेला होता. आणि ती कॅसेट त्यांना मिळाली ती तारेनंतर नऊ दिवसांनी, रस्ता उघडून सिकंदरभाई वर पोहोचले तेव्हा. बाप गेल्यावर बापाचा आवाज आला की मी बरा आहे. त्या दिवशी बापूंनी काय केलं ते मी पाहिलं नाही. त्यांनी बनुबाईंना एवढंच सांगितलं की ऐकून झाल्यावर ते पुलावर गेले आणि अंधार पडेपर्यंत एकेक बोल्ट पुन्हा आवळत बसले.

ती कॅसेट त्यांनी घरी आणली आणि आबांच्या पटक्याच्या तुकड्यात गुंडाळून माझ्याशेजारी ठेवली. दर रजेला पहिल्या सकाळी, घरातली माणसं रानात गेली की ते ती एकदा ऐकायचे.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत बनुबाईंनी तो पटक्याचा तुकडा धुवायला काढला. कॅसेट इतर कॅसेटांत ठेवली गेली. आमच्या घरात कॅसेटवर नावं लिहायची रीत नव्हती. शिवांजली तेव्हा चौथीत होती. तिचं सव्वीस जानेवारीला शाळेत भाषण होतं आणि पाठांतर करून ऐकायला तिला कॅसेट हवी होती. तिने हाताला लागली ती घातली.

ती बोलत होती आणि माझ्या आत आबांचा आवाज पुसला जात होता. मित्रांनो, मी दुसऱ्याचं सगळं बोलून दाखवतो, पण स्वतःचा एक शब्द मला बोलता येत नाही. ‘थांब’ एवढं म्हणता आलं असतं तर! तिने झाडांचं महत्त्व सांगितलं, चुकली, हसली, तीन-चार वेळा पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. मग ऐकायला लागली. भाषण संपलं आणि मागून आबा बोलले, “जपून बांध.” तेवढंच उरलं होतं.

पोरीच्या तोंडाचं पाणी पळालं. तिने ती कॅसेट धुतलेल्या पटक्यात गुंडाळली आणि आईलाही सांगितलं नाही.

उन्हाळ्यात बापू आले. सकाळी घर रिकामं झालं. ते मांडी घालून माझ्यापुढे बसले आणि बटण दाबलं. शिवांजली रानात न जाता दाराआड उभी होती. आतून आवाज आला, “अध्यक्ष महोदय, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो.” बापूंचा हात बंद करायला पुढे आला आणि वाटेतच थांबला. दाराआडून पोर धूम पळाली. ती पळाली म्हणून पुढचं तिला दिसलं नाही, मला दिसलं. बापूंनी सगळं भाषण ऐकलं. चुका ऐकल्या, हसू ऐकलं. आबांचे दोन शब्द आले तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मग कॅसेट मागे घेतली आणि भाषण पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. त्यानंतर पेचकस आणून त्यांनी कॅसेटच्या वरच्या कडेचे प्लास्टिकचे दोन छोटे कान मोडून टाकले. ते कान मोडले की त्या कॅसेटवर पुन्हा काही टिपता येत नाही.

जेवताना ते पोरीशी नेहमीसारखे बोलले. अख्खी रजा ती त्यांचं तोंड वाचत राहिली. ते रागावले नाहीत आणि त्यांनी विचारलंही नाही. तिला कळेना की त्यांनी ऐकलं की बटण दाबून लगेच बंद केलं. विचारायची तिची छाती झाली नाही. अशीच वर्षांवर वर्षं गेली.

मग घरोघर मोबाइल आले. बापू रोज फोन करायला लागले आणि माझी गरज संपली. मला पोटमाळ्यावर चढवलं, माझ्यावर युरियाची रिकामी पोती पडली. उंदरांनी वायर खाल्ली. आतला रबरी पट्टा वितळून काळा डिंक झाला. तक्रार करत नाही, यंत्राचं असंच होतं.

दोन हजार बारा साली अठ्ठावीस वर्षांची नोकरी करून बापू सुभेदार म्हणून परतले. गावाने हलगी लावून त्यांना आणलं. पोटमाळ्यावरून मला खालचं सगळं ऐकू यायचं. पहिले सहा महिने बनुबाई मेटाकुटीला आल्या होत्या. बापू पाचला सगळ्यांना उठवायचे, डाळीचे डबे उंचीप्रमाणे रांगेत लावायचे, आणि रानात जायचं असलं तरी दारात उभे राहून “जाऊ का?” असं विचारायचे. बनुबाई शेवटी म्हणाल्या, “आवं, हितं रजा मागावी लागत न्हाई. घर हाय ह्ये.” हळूहळू ते घरचे झाले. शिवांजलीचं लग्न झालं, ती सांगलीला राहायला गेली आणि कुपवाडच्या एका कारखान्यात माल तपासायच्या कामाला लागली.

गेल्या वर्षी बापूंचा आवाज बसला. गुळण्या झाल्या, काढे झाले. शेवटी मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं की घशात गाठ आहे, जीव वाचवायचा तर आवाजाची पेटी काढावी लागेल. त्यानंतर बोलता येणार नाही. ऑपरेशनला बारा दिवस होते.

शिवांजली कुंडलला आली, पोटमाळ्यावर चढली आणि मला शोधून काढलं. सगळ्या जुन्या कॅसेटांतला बापूंचा आवाज फोनमध्ये उतरवून ठेवायचा, असं तिने ठरवलं होतं. स्कूटीवर पायाशी ठेवून तिने मला कुपवाडला मतीनभाईंकडे नेलं. मतीनभाई हल्ली मोटारींचं वाइंडिंग करतात, पण पूर्वी ते रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांनी मला उघडलं, तो डिंक खरवडला, नवा पट्टा घातला, वायर बदलली, तुटक्या मुठीला तार गुंडाळली. तपासायला त्यांनी पिशवीतली एक कॅसेट हातात घेतली. पटक्यात गुंडाळलेलीच नेमकी.

“ताई, ह्येचं कान मोडल्यात,” ते म्हणाले. “कुणीतरी मुद्दाम मोडल्यात. हिच्यावर आता काय भरता येत न्हाई.”

शिवांजलीने कॅसेट हातात घेतली आणि त्या मोडक्या कडेवरून बोट फिरवलं. तिने त्यावर भरलं होतं, म्हणजे कान तेव्हा शाबूत होते. मोडले ते नंतर. घरात पेचकस हातात धरणारं माणूस एकच होतं.

ती त्याच संध्याकाळी कुंडलला परतली. बापू ओसरीवर बसले होते. तिने मला त्यांच्यापुढे ठेवलं आणि ती कॅसेट त्यांच्या हातात दिली.

“बापू, आबांची कॅसेट मी पुसली. चौथीत असताना.”

“ठाव हाय मला.” आवाज फाटलेला, कुजबुजीएवढा होता.

“मग तुमी बोलला का न्हाई? पंचवीस वर्सं मी हे घिऊन फिरतीया.”

बापूंनी कॅसेट बोटांनी फिरवून पाहिली. “त्येच चुकलं माझं,” ते म्हणाले. “मला वाटलं, बोललो तर पोर घाबरंल. न बोलल्यानं जास्ती घाबरशील, ह्ये ध्यानात आलं न्हाई.” मग थांबून, श्वास घेऊन म्हणाले, “आबांचं मला पाठ हुतं गं. पर तुजं भाषण मी ऐकलं नव्हतं. समद्या पोरींचं बाप शाळंत आलं हुतं. मी नव्हतो. मला त्ये असं ऐकायला गावलं. त्ये म्या कसं पुसू दिईन?”

शिवांजली रडली. बनुबाई दारात उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या आणि चहा टाकल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने शिवांजलीने डोळे पुसले, पिशवीतली कोरी कॅसेट काढली आणि विचारलं, “आबा काय म्हणालं हुतं? सांगता?”

बापूंनी मान डोलावली. तिने माझी दोन बटणं दाबली. डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलं होतं, तरी त्या दिवशी त्यांना कुणी अडवलं नाही. ते भिंतीला टेकून ताठ बसले. “गुंडा, मी तुजा बा बोलतोय,” अशी सुरुवात केली आणि अखेरपर्यंत एक शब्द न चुकता सांगितलं. आबा जिथे थांबले होते तिथे तेही थांबले. मी त्या दोघांचंही बोलणं टिपलं आहे, मित्रांनो, म्हणून छातीवर हात ठेवून सांगतो, काही म्हणजे काही गाळलं गेलं नाही.

ऑपरेशन झालं. बापूंचा जीव वाचला, आवाज गेला. आता ते पाटीवर लिहितात. दुसरीपर्यंतचं वाचणं बनुबाई कधीच विसरल्या होत्या, म्हणून पहिले काही दिवस दोघंही हातवारे करून एकमेकांवर चिडायची. एके दिवशी बनुबाईंनीच पेन्सिल त्यांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, “माजं नाव लिवा बघू.” रोज दुपारी दोघं ओसरीवर बसतात. परवा बनुबाईंनी पाटीवरचं ‘मीठ’ वाचलं. भाजीत ते कमी होतं, असं बापूंना सांगायचं होतं.

माझी जागा आता पुन्हा फळीवर आहे. शिवांजली येते, मला पुसते, महिन्यातून एकदा वाजवते. मला कोणी जपलं नाही याचा राग नाही, कारण माझा पट्टा तुटला तर नवा मिळतो, मतीनभाईंसारखा हात मिळतो. माणसाच्या गळ्याला तसा पट्टा मिळत नाही. म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरीसुद्धा असा बाप असेल, जो कामाचं तेवढं बोलतो आणि बाकीचं मनात ठेवतो. आज त्याच्यापाशी बसा. त्याच्या नोकरीचं विचारा, त्याच्या बापाचं विचारा, तुमचं काही राहून गेलेलं असेल तर तेही सांगून टाका. आणि तो बोलायला लागला की तो थांबेपर्यंत उठू नका.